'पाच पानकर', अंक पहिला : कामाच्या नोंदी

भंडारा जिल्ह्यात लाखांदूर तालुक्यातल्या एका गावात माझं फ्लेक्स-बॅनरचं दुकान आहे. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, लागली की झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या आमच्या भागाच्या) नाटकांचे बॅनर, एरवी लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या. यंदा भाच्याला सोबत घेऊन सुपरहिरोंच्या टोळीचं कॉमिक काढलं. आत बत्तीस पानं काळी-पांढरी, वर रंगीत कव्हर, पाचशे प्रती. काम चालू असताना वहीत जे टिपलं ते खर्चासकट इथे उतरवतो. कुणी असं काम हाती घेणार असेल तर आमचा गेलेला वेळ आणि पैसा त्याचा तरी वाचावा.

१५ जून २०२५

आज पक्कं झालं. गोष्ट आणि अक्षरं माझी, चित्रं भाच्याची. त्याची बारावी झाली, कॉलेज सुरू व्हायला वेळ आहे, हात चांगला आहे. मुदत भाऊबीज, म्हणजे २३ ऑक्टोबर. तिथून गावोगावच्या मंडई सुरू होतात आणि पोराटोरांच्या हातात चार पैसे असतात ते त्याच दिवसांत.

विषय तलावाचा. आमच्या भागात गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी बांधलेले तलाव आहेत. पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे जमीनदारांकडे आले, १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले. लोक अजूनही मालगुजारी तलावच म्हणतात. तलावाचं पाणी सोडायचं, शेताशेताला वाटायचं काम ज्याच्याकडे असायचं तो पानकर. टोळीला नाव तेच दिलं.

पाच जण ठरले. तुडूम हा आडदांड गडी, लोंढा अंगावर थोपवणारा, पाण्याचं बोलणं ऐकणारा. तलावातून पाणी सोडायच्या तोंडाला आमच्याकडे तुडूम म्हणतात, त्यावरून नाव. काजवी ही सातवीतली पोरगी, अंधारात तिच्या अंगातून उजेड निघतो. दंडारी कुणाचाही आवाज हुबेहूब काढतो, दंडार या आमच्याकडच्या लोकनाट्यावरून त्याचं नाव. पट्या शंकरपटातल्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीतल्या जोडीच्या वेगाने धावतो. आणि सारस ही उडणारी बाई. समोर मुरूमखाऊ, रात्री येऊन तलावाची पार पोखरणारा. पार म्हणजे पाळ. आमच्या बोलीत ळ चा र होतो, हा र पुढे फार महागात पडणार होता.

पानांचा हिशोब असा केला : प्रत्येकाला शक्ती कशी मिळाली याला चार-चार पानं, ती झाली वीस. मग भेटगाठ चार पानं, मारामारी आठ. बत्तीस.

२९ जून

शेजारची आठ-दहा पोरं दुकानात बसवली आणि संहिता वाचून दाखवली. नवव्या पानाला दोघं उठून गेली. एकाने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "काकाजी, हे सारे भेटतेत कवा?"

एकविसाव्या पानावर भेटतात. त्याचं बरोबर होतं. मी पाच जणांची पाच वेगळी कॉमिक्स लिहून एका पिनेत अडकवली होती. दोन आठवड्यांचं लिखाण बाजूला ठेवलं.

अमेरिकेतल्या टोळ्यांचे पहिले अंक कसे बांधले होते ते बघितलं. १९६१च्या 'फँटॅस्टिक फोर'च्या पहिल्या अंकात चौघांना गणवेशसुद्धा नाही, तो तिसऱ्या अंकात आला. १९६३च्या 'ॲव्हेंजर्स'च्या पहिल्या अंकात आयर्न मॅन, थॉर, हल्क, अँट-मॅन आणि वास्प एवढेच आहेत. ज्याच्याशिवाय आज ती टोळी डोळ्यांपुढे येत नाही तो कॅप्टन अमेरिका चौथ्या अंकात सामील झाला. आणि त्या पाच जणांना एकत्र आणलं कुणी, तर खलनायकानेच. लोकीने थॉरला गाठायला जे कारस्थान केलं त्यातून बाकीचे ओढले गेले. म्हणजे पहिल्या अंकात सगळं सांगायचं नसतं. एकट्याने न होणारं एक काम समोर टाकायचं.

आमचं काम पहिल्याच पानावर टाकलं. रात्र, मुसळधार पाऊस, पारीला भोक पडलं आहे. उजेडाशिवाय भोक दिसत नाही, म्हणून काजवी. झोपलेलं गाव जागं करायला मेलेल्या मालगुजाराचा आवाज लागतो, तो दंडारी काढतो. रेतीची पोती आणायला पट्या. पोती पडेपर्यंत लोंढा धरून ठेवायला तुडूम. शक्ती कशी मिळाली याला प्रत्येकी दोन चौकटी, बास.

सारसला काम सापडेना. भर पावसाच्या रात्री उडून ती करणार काय? उगाच तिला ओढून घटना जोडल्या की गोष्ट लंगडायची. तिला काढली. भाच्याने तिची सगळ्यात जास्त चित्रं केली होती, तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. मग तोडगा निघाला : शेवटच्या चौकटीत पारीवर फक्त दोन लांब पाय दिसतील. नाव 'पाच पानकर' आणि अंकात चार. पाचवा कोण हे पोरांनीच विचारावं.

१३ जुलै

रोवणी, म्हणजे धानाची लावणी सुरू आहे. नऊ दिवस भाचा बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कागदाला हात नाही. हे आधी धरायला हवं होतं. गावात राहून जुलैचं वेळापत्रक कागदावर आखू नये.

मिळाला त्या वेळात पात्रं पक्की केली. पहिल्या चित्रांत सगळ्यांना पाठीवर फडकती चादर आणि डोळ्यांवर पट्टी होती. पावसात ती चादर काढायला अवघड आणि चौकटीत जागा खाते. चादरी गेल्या. पट्याच्या खांद्यावर दुपट्टा, काजवीच्या अंगात शाळेचा ड्रेस, तुडूम उघडाबंब.

एक तपासणी फार कामाची निघाली. चौघांची चित्रं पूर्ण काळ्या रंगाने भरली आणि भिंतीला लावून लांबून बघितली. दंडारी आणि पट्या वेगळे ओळखूच येईनात. रात्रीची गोष्ट आहे, अर्ध्या चौकटींत ते सावलीच दिसणार. पट्याच्या हातात बैल हाकायची तुतारी दिली, दंडारीला घेरदार झगा. आता अंगठ्याएवढ्या चित्रातही कळतात.

२७ जुलै

आज डमी केली. आठ कोरे कागद मधोमध दुमडून एकात एक घातले, बत्तीस पानांची वही झाली, तीत पेन्सिलीने अंगठ्याएवढी चित्रं टाकली. ही डमी पहिल्या दिवशी करायला हवी होती. कारण यातच कळलं की पार फुटण्याचं जे दोन पानांवर पसरलेलं मोठं चित्र आहे ते मी पान १५ आणि १६ वर टाकलं होतं, आणि ही दोन पानं एकाच कागदाच्या पाठपोट येतात. पसरलेलं चित्र सम आकड्यावरच सुरू करावं लागतं, डावं पान सम असतं. आधी एक पान वाढवलं आणि चित्र १६-१७ वर नेलं.

हे चांगलंच झालं, कारण बत्तीस पानांत १६-१७ म्हणजे बरोबर मधलं पान. तो एकच सलग कागद असतो. चित्राचे दोन तुकडे वेगळ्या कागदांवर छापून जुळवायची कटकट नाही.

पान वाढवल्यामुळे शेवटची मारामारी एका पानाने आखडली. वाचताना ती आता जास्त घट्ट वाटते.

१० ऑगस्ट

सहा पानं शाईने पूर्ण. पण ती साध्या झेरॉक्सच्या ए-फोर कागदावर केली होती, ब्रशची शाई पसरली. जाड ड्रॉइंग शीट आणली. दोन पानं पुन्हा काढावी लागली, चार चालवून घेतली.

दुसरी चूक माझी. पानं दुकानातल्या स्कॅनरवर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), करड्या छटांत स्कॅन केली, फ्लेक्सला तेवढं खूप होतं म्हणून. पुस्तकाचं तसं नाही. एकरंगी ऑफसेटला करडं असं काही नसतं, प्रत्येक करड्या जागेचे बारीक ठिपके पडतात. मग काळ्या रेघेची कड खरखरीत दिसते. एका ओळखीच्या छपाईवाल्याने सांगितलं म्हणून वेळेत कळलं. आता रेघेचं काम ६०० डीपीआयला स्कॅन करतो आणि क्रिता नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये थ्रेशोल्ड लावून निव्वळ काळं-पांढरं करतो. सहाही पानं परत स्कॅन. एक रात्र.

२३ ऑगस्ट

काल पोळा होता, दुकान बंद, म्हणून आज पहाटेच्या एसटीने नागपूरला गेलो, छपाईचे भाव काढायला. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते हे लहानपणापासून माहीत असून निघालो. रस्ते बंद, मी ज्या भागात गेलो तिथली दुकानं अर्धी बंद. पिवळ्या मारबतीला आणि बडग्यांना (सोबतच्या पुतळ्यांना) बघत गर्दीत तीन तास उभा राहिलो. बडग्याच्या पोटातली ती बांबूची कामटी, वर फाटके कपडे आणि कागद, हे जवळून बघितल्यावर मुरूमखाऊचं अंग कसं करायचं ते मात्र सुचलं. तोपर्यंत तो नुसता दगडांचा राक्षस होता. आता तो आतून पोकळ आहे, चालताना अंगातून मुरूम सांडतो, सांडेल तितका परत खावा लागतो. भाच्याला फोनवरच सांगितलं.

एकच छापखाना उघडा मिळाला. आतली पानं रंगीत केली तर एक प्रत शंभराच्या वर जात होती. आमच्याकडे तीस रुपयांच्या वर कोणी पोराला कॉमिक घेऊन देणार नाही. रंग सोडला. डेमी साइज, ७० जीएसएम जाडीचा मॅपलिथो कागद, सोळा पानांचे दोन फर्मे (फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापलेली पानं), छपाईच्या चार प्लेटा. कव्हर डिजिटल, एका शीटमध्ये दोन कव्हरं बसतात.

७ सप्टेंबर

सगळ्यात जास्त दिवस ज्यात गेले ते हे : पात्रांची भाषा.

मी संवाद आमच्या बोलीत लिहिले होते. शुद्धलेखन बघून द्या म्हणून शाळेतल्या एका सरांकडे दिले. सर मनापासून मदत करणारे आहेत. त्यांनी दोन रात्री बसून सगळे संवाद प्रमाण मराठीत करून दिले. माझं वाक्य होतं, "थांबा जी! पार फुटते. पानी बोलून रायलं." सरांचं झालं, "थांबा! पाळ फुटणार आहे. मला पाण्याचा आवाज ऐकू येत आहे."

पहिली अडचण जागेची. सरांचं वाक्य फुग्यात मावेना. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. ओळींमध्ये अंतर ठेवावंच लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या अनुस्वारावर बसतो. इंग्रजी कॉमिकसारखे गच्च फुगे आपल्याकडे जमत नाहीत. तीन ओळींचा फुगा पाच ओळींचा झाला आणि तुडूमचं डोकं झाकलं गेलं.

पण जागा करता आली असती. खरी अडचण वाचण्यात होती. पान ५ दोन तऱ्हांनी छापलं आणि सहावीतल्या एका मुलीला दोन्ही मोठ्याने वाचायला दिली. सरांचं तिने धडा वाचतात तसं वाचलं, एका सुरात, बोट शब्दाखाली फिरवत. आमचं वाचताना "थांबा जी"ला तिचा हात आपोआप वर गेला, आणि "पानी बोलून रायलं" तिने हळू आवाजात, कुणी ऐकेल असं वाचलं. तो आवाज मी लिहिला नव्हता, तिचा तिने लावला. सर तिथेच बसले होते. त्यांनीही ऐकलं.

तरी सरांचं म्हणणं मला पटत होतं. पोरं परीक्षेत 'पानी' लिहितील, 'डोळा'च्या जागी 'डोरा' लिहितील, मार्क जातील, आणि दोष शाळेला येईल. आमच्या पोरांना ण आणि ळ आधीच जड जातात. शेवटी ठरलं ते असं : चौकटीच्या वर जी निवेदनाची पट्टी असते ती प्रमाण मराठीत, सरांनी तपासलेली. फुग्यातलं बोलणं बोलीत, तिथे कोणी हात लावायचा नाही. त्यामुळे एकाच पानावर वर 'पाणी' आणि खाली 'पानी' दिसतं. पोर दोन्ही बघतं, कुठलं कुठे चालतं ते त्याला कळतं.

मुरूमखाऊने प्रमाण बोलायचं असं माझ्या डोक्यात होतं. सर म्हणाले, "तसं नका करू जी. पुस्तकातली भाषा वाईट माणसाची, असं पोराच्या मनात बसेल." त्याचं सगळं बोलणं काढून टाकलं. तो आता फक्त आवाज करतो : खर्र, भस्स, खडखड. जास्त भीती वाटते.

आणि नाव. सरांचं म्हणणं, निदान कव्हरवर तरी 'पाणकर' हवं. या एका अक्षरावर आम्ही चार दिवस घालवले. आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांपैकी एकाच्याही तोंडून मी 'पाणकर' ऐकलेलं नाही. 'पानकर'च ठेवलं.

फुग्यांसाठी कलम हा फॉन्ट घेतला, हाताने लिहिल्यासारखा दिसतो आणि वापरायला मोफत आहे. पट्ट्यांना मुक्त. त्याआधी जो घेतला होता त्यात ल आणि श हिंदी वळणाचे येत होते, आपल्या पोरांच्या सवयीचे नाहीत. फॉन्ट ठरवताना हीच दोन अक्षरं आधी लिहून बघा.

आवाजाची अक्षरं मात्र सगळी हाताने काढली. पाट्या रंगवत माझी वीस वर्षं गेली, ते इथे कामी आलं. पार फुटते तिथे 'भसाभस' असं दोन पानांवर लिहिलं आहे. त्याची शिरोरेघ हीच पारीची वरची कड केली आणि दुसऱ्या भ पाशी ती तोडली. अक्षरांच्या मधून पाणी खाली येतं. चार वेळा काढलं. पहिल्या तीन वेळा भ तुटल्यावर म सारखा दिसायचा.

१९ सप्टेंबर

पान २२ आणि २३ गेली. रात्री वीज गेली, यूपीएस पाच मिनिटंही टिकला नाही, फाइल उघडलीच नाही. शाईची मूळ पानं आहेत, पण साफसफाई आणि फुगे पुन्हा. सात तासांचं काम. यूपीएसची बॅटरी बदलायची म्हणून मे महिन्यापासून राहिली होती. आता रोज रात्री पेन ड्राइव्हवर एक प्रत आणि भाच्याच्या मोबाइलवर एक.

२८ सप्टेंबर

पंधरा पानं रात्रीची आहेत. भाच्याने आभाळ, पाणी, पार सगळं ठोस काळं भरलं होतं आणि स्क्रीनवर ते फार देखणं दिसत होतं. मॅपलिथोवर नमुना काढला. एका पानाचं काळं पाठीमागच्या पानावर दिसतं, तिथलं चित्र मळतं. शिवाय छापखान्यातल्या माणसाने सांगितलं, एवढी शाई लवकर वाळत नाही, गठ्ठा लावला की समोरच्या पानावर उमटते.

जाड कागद घेतला तर खर्च वाढतो. म्हणून काळं कमी केलं. आभाळाला ठोस काळ्याऐवजी उभ्या-तिरप्या रेघा, त्यांतून पांढरा पाऊस. पाणी जवळजवळ कोरं सोडलं, फक्त कडेला लाटा. काजवी जिथे असेल तिच्याभोवती रेघा थांबतात, तिचा उजेड म्हणजे कोरा कागदच. आधी तिच्याभोवती किरणं काढली होती, ती पुसली. रेघांच्या गर्दीत नुसती पांढरी जागा सोडली तर उजेड आपोआप दिसतो. यात आठ दिवस गेले, पण पानं आधीपेक्षा चांगली झाली असं मला वाटतं. पारीखालचं भोक तेवढं ठोस काळं ठेवलं. पूर्ण अंकात तेवढी एकच जागा.

६ ऑक्टोबर

फाइल घेऊन नागपूर. छापखान्याच्या कॉम्प्युटरवर उघडली आणि जोडाक्षरं फुटली. 'उघड्यावर'चा ड पाय मोडून पडला, वेलांट्या पुढच्या अक्षरावर सरकल्या. दोष माझा. त्यांच्याकडे माझा फॉन्ट नव्हता आणि मी अक्षरं अक्षरंच ठेवून फाइल दिली होती. त्यांचं सगळं काम जुन्या फॉन्टांवर चालतं.

घरी परत. इंकस्केप या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पानावरची अक्षरं आउटलाइनमध्ये बदलली, म्हणजे ती चित्र होतात, मग कुठेही फुटत नाहीत. पण एकदा बदलली की त्यात काना-मात्रा दुरुस्त करता येत नाही. म्हणून प्रत्येक पानाच्या दोन फाइली : एक बदलता येण्यासारखी घरात, एक छापखान्याला. एसटीचे चारशे रुपये आणि दोन दिवस.

११ ऑक्टोबर

प्रूफ. पानांचा क्रम बरोबर, डमीचा उपयोग झाला. पण कटिंगला लागेल म्हणून तीन मिलिमीटर जागा बाहेर सोडायची असते ती मी चित्राला सोडली, पण पानांचे आकडे कडेपासून आत घेतले नाहीत. बाहेरच्या कोपऱ्यातले आकडे अर्धे कापले जाणार होते. मधल्या पानांना तर जास्तच, कारण एकात एक घातलेल्या कागदांत मधले कागद बाहेर सरकतात. वेळ नव्हता म्हणून आकडे पूर्णच काढले.

मोठी चूक १६-१७ वर. पान सलग आहे या आनंदात मी एक गोष्ट विसरलो, पिन याच पानाच्या मधोमध बाहेर येते. काजवी मी बरोबर मध्यावर ठेवली होती. वरची पिन तिच्या डोळ्यातून जात होती. भाचा म्हणाला, "मामाजी, राहू द्या, कोन बघते." मी बघतो. पोरगीला दोन सेंटिमीटर डावीकडे सरकवली, तिच्या मागची पार परत जोडली, ती प्लेट नवी करायला लावली. साडेतीनशे रुपये.

१८ ऑक्टोबर

धनत्रयोदशीला गठ्ठे घरी आले. हिशोब : कागद १,९२०, पाच प्लेटा १,७५०, छपाई १,८००, कव्हर ३,५००, घडी, पिन, कटिंग १,०००. छपाईचे झाले ९,९७०, म्हणजे प्रत साधारण वीस रुपयांना पडली. नागपूरच्या चार फेऱ्या १,६००, नमुन्याच्या प्रिंट ३८०, ड्रॉइंग शीट, शाई, ब्रश ६४०. सगळे मिळून १२,५९०. आमच्या दोघांची मजुरी यात धरलेली नाही. किंमत तीस रुपये ठेवली.

कव्हरच्या काळ्या रंगाला घडीवर पांढरी तडक आली आहे. पुढच्या वेळी कण्यावर काळं घ्यायचं नाही.

२६ ऑक्टोबर

दोन मंडईत टेबल टाकलं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत अकरा प्रती. लोकांना ही नाटकाची जाहिरात वाटत होती, माझ्याकडून तेच घ्यायची सवय. मग १६-१७चं पान तीन फुटी फ्लेक्सवर छापून मागे लावलं. पोरं 'भसाभस' मोठ्याने वाचत थांबायला लागली. संध्याकाळी दंडारीचा खेळ सुरू व्हायच्या आधी गर्दी असते, तेव्हा सगळ्यात जास्त गेली. पाचवा कोण, हे आतापर्यंत किती पोरांनी विचारलं त्याची मोजदाद सोडून दिली. भाचा सारसच्या चित्रांची जुनी वही घेऊनच टेबलावर बसतो, पण कुणाला उघडून दाखवत नाही.

२ नोव्हेंबर

आजपर्यंत ३१२ विकल्या, म्हणजे ९,३६० रुपये. ४० प्रती तीन शाळांना दिल्या. १४८ शिल्लक. खर्च निघायला अजून १०८ जायला हव्यात.

काल एक म्हातारेबुवा दुकानात आले. नातवाने अंक वाचून दाखवला म्हणे. त्यांनी पान ११ उघडलं, जिथे तुडूम पाणी सोडायच्या तोंडापाशी लोखंडी चाक फिरवतो, आणि म्हणाले, "हे चाक नहराचं. आपल्या तलावाला चाक कुठं आहे जी?" मी नहराचं, म्हणजे कालव्याचं गेट बघून ते चित्र करायला सांगितलं होतं. आमच्याच तलावाचं तुडूम मी कधी खाली उतरून बघितलं नव्हतं.

आज सकाळी भाचा, मी आणि तेच म्हातारेबुवा, आबाजी, पारीवर गेलो. बेशरमीची झाडं बाजूला करून त्यांनी जागा दाखवली. दगडी बांधकाम आहे, त्याला एकाखाली एक भोकं आहेत, त्यांत लाकडी दट्टे ठोकलेले असायचे. पाणी उतरेल तसा वरून एकेक काढत जायचा. दट्टा काढताना पाय कुठे टेकायचा, तोंड कुठे वळवायचं, हे आबाजींनी पाण्यात उतरून करून दाखवलं. पाण्याचा जोर छातीवर नाही, खांद्यावर घ्यायचा असतो. भाच्याने काठावर बसून नऊ चित्रं घेतली. पान ११ नवीन होईल, आणि दुसऱ्या अंकात तुडूम चाक फिरवणार नाही, खांदा देईल.